हौस तुमची, हाड दुसऱ्याचं

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पाच दिवसांची पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या वेळापत्रकातली टप्प्याटप्प्यांची शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक हौसेने उभे राहिले. तेव्हापासून आमच्याकडे, म्हणजे मुंबईच्या उपनगरांत, एकच चर्चा आहे : आपल्याकडे कधी? रविवारी पहाटे मुलुंडहून घाटकोपरपर्यंत ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने सायकल मारून आम्ही चहाला थांबतो, तिथे हा विषय निघतोच. असाच एकदा निघाला, तेव्हा घाटकोपरचे माझे एक वकील मित्र म्हणाले, "शर्यत जरूर घ्या. पण बघ्यांवर गुन्हे दाखल करायची भाषा नको. माणूस हौसेने येतो. त्याने तिकीट काढलेलं नाही, कुठल्या करारावर सही केलेली नाही, कुणाला पाडायचा त्याचा हेतू नाही. त्याच्या हातून काही झालंच तर आयोजक निस्तरतील. शेवटी प्रेक्षक हाच खेळाचा प्राण."

टेबलावरच्या बहुतेकांनी मान डोलावली. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही, कारण डोळ्यांसमोर दुसरंच काहीतरी उभं राहिलं होतं. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मुलुंड पूर्वेच्या नव्वद फुटी रस्त्यावर एका मंडळाने २६ जानेवारीला मुलांची सायकल शर्यत ठेवली होती. मी एका वळणावर शिट्टी आणि लाल झेंडा घेऊन उभा होतो. शेवटची फेरी होती. सात-आठ मुलं एकमेकांच्या चाकाला चाक लावून वळणावर आली. तेवढ्यात माझ्यापासून दहा पावलांवर उभे असलेले एक गृहस्थ मोबाइल समोर धरून फुटपाथवरून खाली उतरले. एकच पाऊल. त्यांचा मुलगा त्या घोळक्यात होता आणि तो चौकटीत नीट येत नव्हता. पहिल्या मुलाचं हँडल त्यांच्या कोपराला घासलं, तो सावरला. दुसरा सावरला नाही. त्याच्यावर तिसरा आला. मी शिट्टी वाजवली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मधला मुलगा सोळा वर्षांचा. रस्त्यावर बसून उजव्या हाताने डावा खांदा धरून होता, रडतही नव्हता. त्याच्या पुढच्या चाकाचा आठ झाला होता. कॉलर बोन मोडलं होतं, ते नंतर एक्स-रेत कळलं. ज्या गृहस्थांमुळे हे झालं, त्यांचा स्वतःचा मुलगा सगळ्यात मागे होता आणि त्याला खरचटलंही नाही.

दहा मिनिटांत सगळं मिटवण्यात आलं. "आपलाच माणूस आहे." "मुद्दाम थोडंच केलं?" "आजच्या दिवशी पोलीस कशाला?" बक्षीस समारंभ वेळेवर झाला. मीही गप्प बसलो. वकील मित्रांचं म्हणणं ऐकताना मला तोच सूर पुन्हा ऐकू आला, म्हणून हे लिहितो आहे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यांचा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि उद्या उपनगरांत खरीच मोठी शर्यत झाली तर तो कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

आधी एक साधा हिशोब. व्यावसायिक सायकलपटूंचा घोळका सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरने सहज जातो. म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. मोठ्या बेस्ट बसची लांबी साधारण बारा मीटर असते. डोळ्याने बघून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक अख्खी बस मागे पडलेली असते. पुढच्याचं मागचं चाक आणि मागच्याचं पुढचं चाक यांच्यात वीतभर अंतर असतं, कारण वाऱ्यापासून आडोसा मिळवण्यासाठी तसंच चालवावं लागतं. टायर दोन बोटांहून अरुंद. अंगावर लायक्राचा पातळ कपडा, डोक्यावर हेल्मेट, बस्स. मोटारीच्या शर्यतीत चालकाभोवती पोलादी पिंजरा असतो, क्रिकेटमध्ये बघ्यापासून फलंदाज साठ-सत्तर मीटर लांब असतो. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत बघणारा हात लांब करून खेळाडूला शिवू शकतो. लहानपणी मुंबई–पुणे शर्यत बघायला काका मला बोरघाटाच्या पायथ्याशी घेऊन गेले होते. 'घाटाचा राजा' कोण होणार यावर मोठी माणसं भांडत होती आणि दम लागलेल्या सायकलवाल्यांच्या मानेवर लोक तांब्याने पाणी ओतत होते. ती जवळीक मला आजही हवी आहे. पण त्या जवळिकीची किंमत आहे, आणि ती दर वेळी सायकलवाल्यानेच मोजायची, हे मला मान्य नाही.

हेतू नव्हता, या मुद्द्यावर मित्रांचा सगळा भर आहे. तर मग २६ जून २०२१ चा दिवस बघू. टूर द फ्रान्सचा पहिला टप्पा, ब्रेस्ट ते लांदर्नो. रस्त्याकडेला एक तरुणी पुठ्ठ्याचा मोठा फलक घेऊन उभी होती. फलकावर तिच्या आजी-आजोबांसाठी लाडाचे दोन शब्द होते. टीव्हीचा कॅमेरा येताना दिसला म्हणून तिने फलक रस्त्यावर पुढे धरला आणि चेहरा कॅमेऱ्याकडे केला. घोळका तिच्या पाठीकडून येत होता. जर्मनीचा टोनी मार्टिन त्या पुठ्ठ्यावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी सायकलपटू एकमेकांवर कोसळले. स्पेनच्या मार्क सोलेरचे दोन्ही हात मोडले. त्या अवस्थेतही तो शेवटपर्यंत आला, पण त्याची शर्यत पहिल्याच दिवशी संपली.

यात द्वेष कुठे होता? मुलुंडचे ते वडील आणि फ्रान्समधली ती नात, दोघांच्या मनात प्रेमच होतं. आणि म्हणूनच हा मुद्दा नीट तपासायला हवा. मुद्दाम इजा करणाऱ्याबद्दल कुणाचंच दुमत नसतं. १९७५ मध्ये प्युय द डोमच्या चढावर एडी मर्क्सच्या पोटात एकाने बुक्की मारली, २०२५ च्या पॅरिस–रुबेमध्ये मॅथ्यू व्हान डर पूलच्या तोंडावर कुणीतरी बाटली फेकली. अशांच्या बाजूने चहाच्या टेबलावर कुणी बोलणार नाही. वाद आहे तो प्रेमाने रस्त्यात येणाऱ्यांचा. आणि कायदा, आपलासुद्धा, फक्त हेतू बघत नाही; हयगय आणि बेदरकारपणाही बघतो.

याचं उदाहरण शोधायला फ्रान्सला जायची गरज नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नायगाव–भाईंदरच्या खाडीपुलावरून पायी चाललेला एक तरुण, धावत्या लोकलमधून कुणीतरी खाडीत टाकलेला नारळ डोक्याला लागून गेला. नारळ टाकणाऱ्याच्या मनात भक्तीच असणार. पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या प्रत्येकाने गाडीच्या दारातून निर्माल्याच्या पिशव्या खाडीत जाताना पाहिल्या आहेत, आपल्यापैकी काहींनी टाकल्याही असतील. त्या तरुणाच्या घरी जाऊन 'हेतू नव्हता' एवढंच सांगून कुणाला परत येता येईल का? वेग आणि गर्दी जिथे एकत्र येतात, तिथे मन किती स्वच्छ आहे याने हाडं मोडायची थांबत नाहीत.

तिकिटाचा मुद्दा वकिलाने मांडावा याचं मला आश्चर्य वाटलं. शर्यतीसाठी रस्ता बंद होतो तो आयोजकांच्या मर्जीने होत नाही. वाहतूक पोलीस मोटार वाहन कायद्याखाली अधिसूचना काढतात, तेव्हा होतो. तेवढ्या वेळासाठी तो रस्ता सायकलपटूंच्या कामाची जागा असतो. व्यावसायिक सायकलपटूचं पोट त्यावर चालतं. आपल्याकडे 'रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?' हा प्रश्न फार लवकर तोंडात येतो. नाही, कुणाच्याच बापाचा नाही. म्हणूनच तिथे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायची मुभा कुणालाच नाही, मग तिकीट असो वा नसो.

आणि हे सांगायला नवा कायदा लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ याच कामाचं आहे. बेदरकारपणे किंवा हयगयीने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुखापत झाली तर सहा महिने किंवा ५,००० रुपये. जबर दुखापत, म्हणजे हाड मोडणं त्यात आलंच, झाली तर तीन वर्षं किंवा १०,००० रुपये. जुन्या दंड संहितेत यातल्या पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा २५० रुपये होता. सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणला तर कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यासाठी कलम ३५५ आहे आणि त्यात आता शिक्षा म्हणून समाजसेवाही देता येते. पुढच्या वर्षी त्याच वळणावर दिवसभर झेंडा धरून उभं राहायची शिक्षा एखाद्या न्यायाधीशाने द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आता मित्रांच्या बोलण्यातला जो भाग मला खरोखर अडवतो, त्याकडे येतो. निघता निघता ते म्हणाले होते, "तू पोलिसांच्या हातात काठी देतोयस." ही भीती खोटी नाही. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिलाच कसोटी सामना होता. क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं तेव्हा एक मुलगा आनंदाच्या भरात त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला सगळ्यांदेखत बडवलं. मग स्टेडियम पेटलं, मोडतोड झाली, त्या दिवसाचा उरलेला खेळ गेला. एका पोराच्या हौसेची दंगल झाली ती काठीमुळे. आणि लांबचं कशाला, ऑगस्ट २०१५ मध्ये मढ–आक्साच्या हॉटेलांमधून जोडप्यांना उचलून आणून त्यांच्यावर पोलीस अधिनियमाचं कलम ११० लावलं गेलं, प्रत्येकी १,२०० रुपये दंड वसूल झाला. बंद खोलीतल्या सज्ञान माणसांवर सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं कलम! असं ढगळ कलम शर्यतीच्या दिवशी हातात दिलं, तर मोठ्याने ओरडणाराही आत जाईल, वेगळ्या रंगाचा झेंडा घेऊन आलेलाही जाईल, आणि ज्याने खरोखर कुणाला पाडलं तो गर्दीत मिसळून घरी जाईल.

म्हणूनच मी कठोर शिक्षा मागत नाही. नेमकी मागतो. गर्दीवर नाही, कृत्यावर. कोण कुठे उभा होता, त्याने काय केलं, कुणाला काय इजा झाली, एवढं लिहायचं आणि कलम १२५ चा योग्य तो भाग लावायचा. हा जामीनपात्र गुन्हा आहे. कुणाला तुरुंगात सडवण्याचा प्रश्नच येत नाही. फलकवाल्या त्या तरुणीच्या खटल्यात ब्रेस्टच्या न्यायालयात काय झालं ते इथे कामाचं आहे. सरकारी वकिलांनी चार महिन्यांची स्थगित कैद मागितली होती. ९ डिसेंबर २०२१ ला निकाल लागला : १,२०० युरो दंड. कैद नाही. तोवर जगभरातल्या लोकांनी त्या मुलीला इतक्या शिव्या घातल्या होत्या, की न्यायालयाचा तो आकडा त्या सगळ्या जमावापेक्षा जास्त माणुसकीचा वाटतो. खटला चालला नसता, तर तिची शिक्षा ठरवायला फक्त तो जमाव उरला असता.

त्या निकालातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आयोजकांनी आधी कारवाईची घोषणा केली आणि प्रकरण निवळावं म्हणून चार-पाच दिवसांत माघार घेतली. सायकलपटूंच्या संघटनेने घेतली नाही. तिने भरपाई मागितली फक्त एक युरो, आणि न्यायालयाने ती दिली. मर्क्सनेही पूर्वी एकच फ्रँक मागितला होता. पडलेल्या माणसाला पैसे हवे असतात असं आपण धरून चालतो. कित्येकदा त्याला एवढंच हवं असतं, की माझ्या बाबतीत जे घडलं ते चूक होतं, हे कुणीतरी अधिकाराने कागदावर लिहावं. 'आपलाच माणूस आहे' म्हणून मिटवताना आपण नेमका तो कागद फाडतो. आपला माणूस म्हणताना आपण फक्त फोन धरणाऱ्याला आपला म्हणतो. खांदा धरून बसलेला पोरगा कुणाचा असतो?

'आयोजक निस्तरतील' यातलं अर्धं मला मान्य आहे. जून २०२५ मध्ये बंगळुरूत विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत अकरा जण गेले, तेव्हा मेलेल्यांना बेशिस्त ठरवण्याचा उद्योग काहींनी केला होता. तो अमानुष होता. गर्दी कुठे उभी राहणार, कठडे किती, वळणावर माणसं किती, हे ठरवणं आयोजकांचं आणि पोलिसांचं काम. त्या दिवशी आमच्या वळणावर दोरी नव्हती, फक्त मी होतो, आणि ती चूक आमची होती. तिचा जाब आम्हालाही विचारायला हवा होता. पण आयोजकाची चूक निघाली म्हणून बघ्याची पुसली जात नाही. दोन्ही खाती वेगळी लिहायची असतात. खेळाडूचंही खातं आहेच : हाच व्हान डर पूल डिसेंबर २०२३ मध्ये हुल्स्टच्या शर्यतीत हुर्यो करणाऱ्यांवर थुंकला, तेव्हा त्याला २५० स्विस फ्रँकचा दंड झाला. चिडवलं म्हणून माफी मिळाली नाही.

टेबलावरच्या दुसऱ्या एकाचं म्हणणं होतं, की उपनगरातली गर्दीच अशी, तिला शिस्त शिकवता येणार नाही, तेव्हा शर्यत नकोच. हे ऐकून मला जास्त राग आला. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारत–चिनी तैपेई फुटबॉल सामना बघायला २,५६९ माणसं आली होती. सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले : शिव्या द्या, टीका करा, पण या. दोन दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याला तेच मैदान पावसात खच्चून भरलं. याच उपनगरांतली, लोकलने आलेली माणसं. त्यांना कुणीतरी नीट सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत मंडळाची पोरं दोन्ही बाजूंनी दोरी धरून चालतात आणि हजारोंची गर्दी त्या दोरीच्या आत पाय टाकत नाही. दोरी कुणाला बांधून ठेवत नाही. पण ती कशासाठी आहे हे घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्या लोकांना हे कळतं, त्यांना 'हात आत, फोन आत, मूल कडेवर, कुत्रा घरी' हे कळणार नाही, असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. कायदा लावू नका म्हणणारे आणि शर्यतच नको म्हणणारे, दोघांनीही उपनगरातल्या माणसाला अजाण ठरवलं आहे. एक त्याला लाडाने अजाण म्हणतो, दुसरा तिरस्काराने.

मुलुंडच्या त्या गृहस्थांची माझी पुढच्या वर्षी भेट झाली. स्टेशनबाहेर भाजी घेत होते. मी ओळख दिली तेव्हा चेहरा उतरला. म्हणाले, "साहेब, मला त्या दिवशी कुणी काही बोललंच नाही. मुलाचं नावसुद्धा सांगितलं नाही. हॉस्पिटल कुठलं ते विचारलं, तर म्हणाले, तुम्ही नका येऊ, विषय वाढेल. वर्षभर मी त्या रस्त्याने जात नाही." माझ्या वकील मित्रांना वाटतं की गुन्हा न नोंदवून आपण अशा माणसावर दया करतो. या माणसाला चूक कबूल करायला जागाच आम्ही ठेवली नव्हती.

पडलेल्या मुलाच्या घरी मात्र मी आधीच जाऊन आलो होतो, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. त्याच्या आईने चहा दिला आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून सतरंजीवर ओळीने मांडले : एक्स-रे, ऑपरेशनचं बिल, प्लेट आणि स्क्रूचं वेगळं बिल, औषधांच्या पावत्या, सायकलच्या नव्या रिमची पावती. तारखांप्रमाणे लावलेले. "हे कुणाकडे द्यायचे असतात?" त्यांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, त्यांना खरंच माहिती हवी होती. कुठल्याही पोलीस ठाण्यात त्या सकाळची एक ओळही नोंदलेली नव्हती. मी कागद परत पिशवीत घालायला त्यांना मदत केली.